मेथी कशी दिली?

२०१६च्या जानेवारीतली अडत्याची, म्हणजे घाऊक बाजारात आमचा माल विकून देणाऱ्याची, एक हिशोबपट्टी मी अजून डब्यात जपून ठेवली आहे. कार्बनची निळी अक्षरं फिकी पडलीत, पण वाचता येतात. मेथी, सहाशे जुड्या, भाव शेकडा दोनशे. झाले बाराशे. अडत म्हणजे त्याचं कमिशन, हमाली, तोलाई मिळून १६८ वजा, मोटारभाडं ६०० वजा. हातात ४३२ रुपये. ती मेथी उपटून जुड्या बांधायला आदल्या दिवशी तीन बाया लावल्या होत्या, दोनशे रुपये रोजाने. त्यांचे सहाशे मी त्याच संध्याकाळी देऊन टाकले होते. म्हणजे बियाणं, खत, पाणी, आमचे महिनाभराचे कष्ट सगळं बाजूला ठेवलं, तरी नुसती काढणीच अंगावर आली.

नवऱ्याने पट्टी वाचली, घडी घातली आणि खुंटीवरच्या पिशवीत टाकली. सासूबाई चुलीपुढे होत्या. त्या म्हणाल्या, "भाव आपण सांगायचा नसतो गं. बाजार सांगतो." बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस कधी पडणार हे जसं आपल्या हातात नाही, तसंच हेही, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशी आवक जास्त झाली होती, त्यामुळे अडत्याने मुद्दाम काही केलं असंही मी म्हणणार नाही. पण मला रात्री झोप लागली नाही. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत किती मेथी, किती कोथिंबीर, किती वाटाणा मी या हातांनी भरून पाठवला, पण त्यातल्या एकाही जुडीचा भाव कधी तोंडाने सांगितला नव्हता. भाव कायम कागदावर यायचा, आणि तोही माल विकून झाल्यावर.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. तीन एकर रान. अंजिराची साठ झाडं, बांधाला सीताफळ, पावसाळ्यात वाटाणा, बाकी पालेभाजी. विहिरीचं पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरतं, पुढे एक दिवसाआड मोटर चालते तीही अर्धा तास.

त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याने आपला माल कुठेही, कुणालाही विकावा, आणि बाजारात नेला तरी अडत त्याच्याकडून कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असं ठरलं. शेतमालाच्या विक्रीचं काम पाहणाऱ्या राज्याच्या पणन मंडळाने शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायला घेतले, त्या मोहिमेला संत सावता माळी यांचं नाव दिलं. स्वतःच्या मळ्यातच विठ्ठल पाहणारा हा अरणचा माळी. हे नाव ऐकून सासूबाईंना जरा धीर आला. आमच्या कृषी सहायकांनी गावात बैठक घेतली तेव्हा चाळीसेक लोक होते. गट करायचा म्हटल्यावर उरलो चौदा घरं.

कागदपत्रं फार नव्हती. प्रत्येकाचा सातबारा, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत, आणि विकायला आणीन तो माल माझ्या रानातला असेल असं लिहून द्यायचं. हे शेवटचं वाक्य लिहिताना कुणी फारसा विचार केला नाही; पुढे त्यानेच आमची परीक्षा पाहिली. पुण्याच्या एका उपनगरात मोकळं मैदान मिळालं, दर रविवारी सकाळी सात ते दुपारी एक. काट्याचं काम मात्र मी मनावर घेतलं. घरातल्या तागडीवर शहरात कोण विश्वास ठेवणार? आम्ही दोन घरांत मिळून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडून त्याची पडताळणी करून मुद्रांकन करून आणलं. ते प्रमाणपत्र काट्याशेजारी दिसेल असं ठेवायचं. दरवर्षी नव्याने करून घ्यावं लागतं. असा बाजार सुरू करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं. गिऱ्हाईक तोंडाने विचारत नाही, पण त्याची नजर आधी काट्यावर जाते.

पहिला रविवार ६ नोव्हेंबरचा. दिवाळी नुकतीच झालेली. शनिवारी दुपारी ऊन उतरल्यावर मेथी उपटायला घेतली. या वेळी बाया लावल्या नाहीत, घरच्यांनीच केलं. सासूबाईंची जुडी बांधायची रीत मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. चार-पाच काड्या एकदम धरायच्या, मुळाशी हलकासा झटका द्यायचा म्हणजे माती तिथेच वाफ्यात पडते. मग मुळं एका रेषेत आणून तळहातावर ठोकायची, पिवळं पान दिसेल ते खुडायचं, आणि भिजवलेल्या केळीच्या सोपटाचा बंद असा घालायचा की जुडी घट्टही नको आणि सैलही नको. घट्ट बांधली तर आतली पानं तापतात, सकाळपर्यंत काळी पडतात. जुड्या मुळं बाहेर करून गोल रचायच्या, वर ओलं बारदान. एवढी वर्षं मी जुड्या बांधत होते त्या शेकड्याच्या हिशोबाने, किती झाल्या ते मोजत. एकेक जुडी कुणाच्या तरी हातात जाणार आहे या हिशोबाने त्या दिवशी पहिल्यांदा बांधल्या.

पहाटे साडेचारला टेम्पो निघाला. दिवे घाटाच्या माथ्यावर आलो की खाली सगळ्या शहराचे दिवे दिसतात. चौदा घरांतली वीस-एक माणसं मागे मालावर बसलेली, कुणी बोलत नव्हतं.

साडेसातच्या सुमाराला पहिली बाई माझ्यासमोर आली. साठीच्या असतील, हातात कापडी पिशवी. त्यांनी एक जुडी उचलली, उलटी करून मुळं पाहिली आणि विचारलं, "मेथी कशी दिली?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो क्रेट सरळ करण्यात गुंतला होता. माझ्या तोंडून निघालं, "काय द्यायचं ते द्या."

त्या बाई थांबल्या. जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "असं कसं बाई? माल तुझा, भाव तू सांगायचास. मी सांगितला तर तुझं नुकसान करीन."

मी म्हटलं, "दहा." आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी दोन जुड्या घेतल्या, वीस रुपये दिले. मागे वळून म्हणाल्या, "चुका आणलास तर मला सांग. आळूच्या भाजीला चुका मिळत नाही हल्ली."

तो दिवस चांगला गेला असं मात्र नाही. मी दहा सांगितले होते, पलीकडच्या गाळ्यावर आमच्याच गटातले अण्णा आठला देत होते. दहा वाजता मी आठ केले. अकराला ते सहावर आले. बारा वाजता आम्ही चौदाही जण ओरडून पाचाला जुडी विकत होतो आणि समोरचे लोक एका गाळ्यावरून दुसऱ्या गाळ्यावर भाव पाडत फिरत होते. पाच रुपये घाऊक बाजारापेक्षा जास्तच होते, पण परतताना टेम्पोत सगळ्यांची तोंडं पडलेली. भाव पाडायला तिसरं कुणीच नव्हतं, आमचे आम्हीच होतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा कागद घेऊन खर्च मांडला. पाच गुंठे मेथी. बियाणं ४००, नांगरट आणि वाफे ६००, शेणखत ८००, फवारणी २५०, खुरपणी ४००, काढणी १२००. बेरीज ३६५०. जुड्या निघतात साधारण बाराशे. जुडीला तीन रुपये पडले, तेही आम्हा दोघांचे हात धरले नाहीत तेव्हा. ते धरून चार. टेम्पो आणि गाळ्याचं भाडं धरून साडेपाच. म्हणजे पाचाला विकलेली प्रत्येक जुडी आम्ही आठ आणे पदरचे घालून दिली होती. बुधवारी मारुतीच्या देवळात गट बसला तेव्हा हा कागद मी वाचून दाखवला. गावातल्या पुरुषमाणसांसमोर मी कधी बोलले नव्हते, पण आकडे समोर होते त्यामुळे अडखळले नाही.

तेव्हा ठरलेली रीत आजही चालू आहे. शनिवारी रात्री आठला गटाचा भाव ठरतो. घाऊक बाजारात त्या आठवड्यात काय मिळालं आणि शहरात हातगाडीवर काय चाललंय हे दोन्ही विचारून घ्यायचं, आपला खर्च पाहायचा, आणि मधला आकडा काढायचा. तो फळ्यावर लिहायचा. कुणीही त्याखाली द्यायचं नाही, वरही नाही. शेवटच्या तासातही नाही. यावर सगळ्यात जास्त वाद झाला. उरलेली भाजी परत नेण्यापेक्षा चार पैसे आले तर काय वाईट, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. पण बारा वाजता भाव उतरतो हे एकदा कळलं की पुढच्या रविवारी लोक बारालाच येतात, सकाळी सातला आलेला माणूस फसवला जातो. उरलेली भाजी आम्ही जवळच्या एका वृद्धाश्रमात देतो, किंवा गोठ्यात जाते.

बुधवारी हे ठरलं. पण आदल्याच दिवशी, ८ तारखेच्या रात्री, पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या होत्या.

दुसऱ्या रविवारी जायचं की नाही, इथपासून प्रश्न होता. घाऊक बाजारात रोकड नव्हती, भाव पडलेले. माल तर उभा होता, पालेभाजी थांबत नाही. गेलो. लोक आले, आणि प्रत्येकाच्या हातात एक तर जुनी पाचशेची नोट नाहीतर नवी दोन हजारांची. दोन जुड्यांना दोन हजार कोण सुटे देणार? पहिल्या रविवारच्या त्या बाई आल्या, पिशवी रिकामीच परत नेऊ लागल्या. मी म्हटलं, "काकू, घेऊन जा, पुढच्या रविवारी द्या." त्या घेईनात. उधारीची त्यांना सवय नव्हती. शेवटी म्हणाल्या, "मग लिहून ठेव."

माझ्याकडे लेकीची जुनी शाळेची वही होती. त्यात लिहायला लागले. नाव विचारायला मला बरं वाटेना. नाव-पत्ता विचारला की विश्वास नाही असं होतं. म्हणून दिसेल तसं लिहिलं. "कापडी पिशवीवाल्या काकू, २ मेथी १ मुळा." "स्कूटरवाले दादा, टक्कल, शेपू." "जुळ्या मुली, आई मास्तरीण वाटते, पालक ३." दुपारी एकपर्यंत ३१ ओळी झाल्या, बेरीज ११८५ रुपये. आमच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती. नवरा परत येताना म्हणाला, "या शहरात कोण कुणाला ओळखतं? गेले समज." मी काही बोलले नाही, मलाही आतून तेच वाटत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला, अजून ताडपत्री बांधायची होती, तेव्हा त्या काकू सुटे पैसे रुमालात बांधून उभ्या होत्या. दिवसभरात चोवीस जण आले. काहींनी स्वतःहून सांगितलं काय घेतलं होतं ते. स्कूटरवाल्या दादांनी तर मी लिहिलेल्यापेक्षा एक जुडी जास्त सांगितली. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी पाच. दोन ओळी राहिल्या, ४५ रुपयांच्या. आमचा बाजार खरा उभा राहिला तो या तीन रविवारांत, असं मी आजही मानते. मंडपाला लावलेल्या फलकाने काही झालं नसतं. ते लोक पुढे दर रविवारी आले आणि येताना शेजाऱ्यांना घेऊन आले.

बाजार बदलला तसं रान बदलायला लागलं, आणि हे मला सगळ्यात जड गेलं. पाच गुंठे मेथी एकदम पेरायची, एकदम उपटायची, टेम्पो भरायचा, ही आमची पद्धत. आठवडी बाजारात माझ्या गाळ्यावर मेथी खपते दीडशे जुड्या. बाकीच्या हजार काय करायच्या? म्हणून दर आठवड्याला एकेक गुंठा पेरायला सुरुवात केली. मेथी तीस दिवसांत येते, कोथिंबीर चाळीसला, शेपू तसाच, मुळा पंचेचाळीस, पालक मात्र कापून घेतला की पुन्हा फुटतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेरणीची तारीख लाल पेनने आणि काढणीचा रविवार निळ्याने लिहू लागले. सुरुवातीला सगळं चुकलं. थंडी वाढली की मेथी चार-पाच दिवस मागे पडते हे माहीत असूनही तारखा सरसकट धरल्या, आणि जानेवारीत दोन रविवार मेथीशिवाय गेले, तिसऱ्या रविवारी तीन वाफे एकदम आले. दोन हंगाम गेल्यावर जमलं. आता तीस गुंठ्यांत दहा-अकरा प्रकार असतात. एका पिकावर मावा पडला तरी बाकीची तारतात.

चुका, चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, करडई यांचे वाफे सासूबाईंनी धरले. या भाज्या आम्ही बाजारासाठी कधी लावल्याच नव्हत्या, घरापुरत्या बांधाकडेला असायच्या. शहरातल्या तरुण मुली गाळ्यावर येऊन "ही कुठली भाजी?" विचारत. सासूबाई रविवारी बरोबर येऊ लागल्या ते यासाठी. चाकवताची ताकातली भाजी कशी करायची, डाळ किती, ताक फुटू नये म्हणून बेसन कधी लावायचं, हे त्या एकेकीला सांगत बसायच्या. मागे रांग लागायची. मी घाई करायला लागले की म्हणायच्या, "करायचं कसं ते कळलं नाही तर ती परत नेईल का?"

आणि अंजीर. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, पण शहरातल्या बऱ्याच लोकांनी ताजं अंजीर नीट पिकलेलं खाल्लेलंच नसतं. लांब पाठवायचं म्हणून ते कच्चट तोडलं जातं, आणि तोडल्यावर अंजिराला म्हणावी तशी गोडी येत नाही. खट्ट्या बहाराचं, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहाराचं, फळ थंडीत येतं. रविवारचा माल आम्ही त्याच पहाटे तोडतो, डोक्याला बॅटरी लावून, तीनला. फळ मान टाकून खाली झुकलेलं हवं, बोटाला मऊ लागलं पाहिजे, तळाचा डोळा किंचित उघडलेला. देठ पिळून तोडला की पांढरा चीक येतो. तो बोटांच्या बेचक्यात गेला तर कातडी सोलते, म्हणून हाताला फडकं गुंडाळायचं. पाटीत खाली अंजिराचीच पानं, एक थर फळांचा, वर पुन्हा पानं. तीनच थर. चौथा घातला की खालची फळं फुटतात. सकाळी सातला हे फळ लोकांच्या हातात पडतं, तोडून चार तास झालेले. पहिल्या वर्षी एका आजोबांनी गाळ्यासमोरच एक फळ दोन बोटांनी उघडलं, आतला लाल गर पाहिला, खाल्लं आणि काही न बोलता अर्धा किलो मागितलं. असं फळ घाऊक बाजारात पाठवताच येत नाही. आमच्या झाडांवर ते दरवर्षी पिकत होतं, आणि पिकू देणं परवडत नव्हतं.

आता जे सांगते ते गटातल्या सगळ्यांना विचारून लिहिते आहे.

२०१७चा उन्हाळा कडक होता. मे महिन्यात आमच्यातल्या निम्म्या गाळ्यांवर माल नव्हता. एका रविवारी गटातल्या एकाच्या गाळ्यावर फ्लॉवर आला. पांढरे, एकसारखे गड्डे, पानं वरून एका रेषेत छाटलेली. मे महिन्यात आमच्या गावात कुणाच्या रानात फ्लॉवर नसतो. एका ताईंनी त्याला विचारलं, "हा पण तुमच्या शेतातलाच ना?" तो हो म्हणाला. मी शेजारी उभी होते. मी ऐकलं आणि गप्प बसले. त्या ताईंनी दोन गड्डे घेतले आणि जाताना माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या.

ते हसणं मला आठवडाभर पुरलं. बुधवारी देवळात विषय निघाला तेव्हा त्याने लपवलं नाही. मार्चमध्येच त्याची बोअर आटली होती, घरात माल नव्हता, आणि गाळा रिकामा दिसला तर जागा दुसऱ्याला जाईल ही भीती. पहाटे घाऊक बाजारातून चार पोती उचलून आणली होती. सांगताना त्याने मान वर केली नाही. काही जण म्हणाले काढून टाका. काही म्हणाले एवढं काय, सगळेच करतात, गिऱ्हाइकाला कुठे कळतंय.

मी एवढंच म्हटलं, की नोव्हेंबरात आपण त्या लोकांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, तरी त्यांनी पैसे आणून दिले.

ठरलं ते असं. त्याने चार रविवार गाळा लावायचा नाही, पण जागा त्याचीच राहील. ज्याच्याकडे माल नसेल त्याने दुसऱ्याच्या गाळ्यावर बसून विक्रीला हात लावायचा आणि विकलेल्या मालात ठरलेला वाटा घ्यायचा. रिकामा हंगाम कुणालाही एकट्याने काढावा लागू नये. आणि पुढच्या रविवारी फळ्यावर भावाच्या वर दोन ओळी लिहिल्या: मागच्या रविवारी या बाजारात विकलेला फ्लॉवर आमच्या शेतातला नव्हता. चूक आमची आहे. ज्यांनी घेतला त्यांनी पैसे परत न्यावेत. फळा लिहिणारा हात अण्णांचा होता, तो थरथरत होता. पैसे मागायला एकच माणूस आला. त्या ताई आल्या, फळा वाचला, आणि फ्लॉवरबद्दल एक शब्द न बोलता नेहमीसारखी भाजी घेतली. मी त्यांची माफी मागितली. तो माणूस आजही गटात आहे, आणि त्याच्याइतकी मेहनत करणारा दुसरा नाही.

त्या प्रकरणातून एक खरी अडचण पुढे आली. लोकांना बटाटा, कांदा, टोमॅटो एकाच फेरीत हवा असतो. पालेभाजीसाठी आमच्याकडे आणि बटाट्यासाठी दुसरीकडे, असं किती दिवस करतील? म्हणून आम्ही बटाटा पिकवणारे शोधले. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा होतो, तिथला एक गट यायला तयार झाला. टोमॅटोला नारायणगावच्या बाजूचे दोघं भाऊ. त्यांनी स्वतः यायचं, स्वतःच्या गाळ्यावर उभं राहायचं, स्वतःच्या गावाचं नाव फळ्यावर लिहायचं. त्यांच्याकडचा माल संपला की बटाटा संपला, असं गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं. काही लोक तुटले. बरेचसे थांबले.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मैदान बंद झालं. तोवर वहीतल्या काकू-दादांचे फोन नंबर आमच्याकडे होते. परवाना काढून सोसायट्यांच्या दारापर्यंत पिशव्या पोहोचवल्या, गावच्या तरुण पोरांनी ते सगळं फोनवर सांभाळलं. तो काळ दमवणारा होता, पण माल एक दिवस सडला नाही. मैदान पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्हीही परत गेलो. आषाढवारीत माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाट गाड्यांना बंद असतो. तो रविवार आला तर बोपदेव घाटाने जातो, पण जातो.

हा बाजार सगळ्याला पुरतो असं मी सांगणार नाही. वाटाणा एकदम निघतो, सीताफळाचे डोळे एकदम पडतात म्हणजे फळ एकदम तोडायला येतं, तेव्हा आमचा तिसरा हिस्सा माल आजही अडत्याकडेच जातो. आठवड्यातून एक दिवस, चौदा गाळे, त्यावर तीन एकरांचं सगळं पीक खपत नाही. फरक एवढाच झाला, की माल काढायच्या आधी मी आता अडत्याला फोन करून भाव विचारते आणि समोर माझा खर्चाचा कागद असतो. गेल्या वर्षी कोथिंबिरीला काढणीपुरतेही पैसे सुटणार नव्हते. मी ती उपटली नाही. रोटर फिरवून रानातच गाडली, पुढच्या पिकाला खत झालं. नवऱ्याचा जीव तुटला. पूर्वी आम्ही ती उपटून, बांधून, भाडं भरून पाठवली असती आणि वर पट्टीची वाट पाहिली असती.

परवा शनिवारी रात्री ओसरीवर नेहमीसारखी भावाची बोलणी चालली होती. मेथी बारा, शेपू दहा, पालक दहा. चुक्यावर येऊन सगळे थांबले. चुका आमच्याखेरीज कुणाकडे नाही, तो वाफा सासूबाईंचा. अण्णा म्हणाले, "आठ लावू, खपून जाईल."

सासूबाई आत वाती वळत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चुका बाराला. महिनाभर मी खुरपलाय तो."

कुणी काही बोललं नाही. मी फळ्यावर बारा लिहिलं. रविवारी चाळीस जुड्या नेल्या होत्या, चार परत आल्या. रात्री आमच्याकडे आळू-चुक्याची भाजी झाली.